बालाक

पिशवीत पिवळ्या चपलांचा जोड,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
सावद्याहून फैजपूरची बस, बाजाराचा दिवस,
मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसलेल्या बायका.
मी फेजला जाऊन आले हे गावभर झालंय.
फक्त नणंद विचारते,
"येवढे पैसे घालून फैजपूरलेच गेली का?"

एकतीस वर्षं भूगोल शिकवला.
आफ्रिकेच्या माथ्यावर छडीचं टोक ठेवून
ॲटलस पर्वत म्हटलं की
साठ पोरं मागून म्हणायची, ॲटलस पर्वत.
नकाशात गल्ल्या नसतात
हे तिथं गेल्यावर कळलं.

नऊ हजार गल्ल्या, मार्गदर्शक म्हणाला.
मोजल्या कुणी, ते नाही सांगितलं.
जळगावच्या अकरा जणांत मी,
पर्समध्ये दशम्या आणि लसणाची चटणी.
एका वळणावर ओल्या कोथिंबिरीचा वास आला
म्हणून थांबले, इतकंच,
तर पुढे जळगाव नाहीसं झालेलं.

"बालाक! बालाक!"
कुणीतरी मला बालक म्हणत होतं.
त्रेसष्टाव्या वर्षी. मी लाजून हसलेसुद्धा,
तेवढ्यात गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर
खांदा घासून गेलं.
त्यांच्यात त्याचा अर्थ, बाजूला हो.
मग दिवसभर भिंतीला पाठ लावून चालले,
पालीसारखी.

एका पोरानं बाही धरून
बरोबरच्या लोकांपाशी नेऊन सोडलं.
वर गच्ची. दारातच एक म्हातारा
पुदिन्याची काडी हातात देतो,
नाकाशी धरायला.
खाली दगडी कुंडं,
मधल्या सुट्टीत उघडून ठेवलेल्या डब्यांसारखी:
हळदीचं, डाळिंबी, काळपट, चुन्याचं पांढरं.
कबुतरांची विष्ठा. ओलं कातडं.
मांडीपर्यंत बुडालेला एक माणूस
पायांनी कातडं तुडवत होता.
त्यानं वर पाहिलं.
आमच्या अकरा नाकांशी अकरा हिरव्या काड्या.
फोटो काढला. मीही काढला.

आणि सुपडू आठवला.
पाचवी ब. बाप नाल्यापलीकडे कातडी कमवायचा.
मी त्याला दाराजवळ बसवायची.
म्हणायची, "तिथं उजेड चांगला येतो."
त्या वर्गाला तीन खिडक्या होत्या.
दारातून त्याला फळा तिरपा दिसायचा,
वहीत त्यानं आफ्रिका तिरपीच काढली,
मी एक गुण कापला.

पुदिना हातातून टाकून दिला.
लगेच नाही. खरं सांगायचं तर
जिना उतरताना.

स्टँडसमोर सुपडूचं दुकान.
थोरली पोरगी धुळ्याला नर्स, धाकटी कॉलेजात,
हे त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं.
चप्पल घेतली, उलटी केली,
अंगठ्यानं टाच दाबून पाहिली,
नाकाजवळ नेली, आपण खरबूज नेतो तशी.
"बोकडाचं हाये बाई. टाका हाताचा.
कमावणारा जाणता हाये."
आणि थोड्या वेळानं,
"लई दुरून आणली माह्यासाठी."

मी तोंड उघडलं.
तिन्ही खिडक्या जिभेवर आल्या होत्या.
मागे केळीचा ट्रक उलटा येत होता,
क्लीनर पत्रा बडवत, ड्रायव्हर कुणालाच न ऐकत,
सुपडूनं दंड धरला, आत ओढलं,
"बाजूले व्हा ना बाई! गाडी येऊन राह्यली!"

उंबऱ्याच्या आत चामड्याचा वास दाट.
त्यानं स्टूल पुसून दिलं,
पोराला चहाला पाठवलं.
चहा येईपर्यंत
आम्ही मोरोक्कोच्या हवामानाबद्दल बोललो.